भिकूने निवडलेलं पुस्तक

शिंदखेडा तालुक्यातल्या त्या हायस्कुलात पुस्तकं वाचायला देत नसत, वाटत असत. दर शनिवारी शेवटच्या तासाला कपाट उघडायचं, वरच्या फळीपासून सुरुवात करायची आणि हजेरीच्या क्रमाने ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याच्या हातात ठेवायचं. मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात सशाची गोष्ट यायची आणि आठवीतल्या बुटक्या पोरीच्या हातात सहकारी पतपेढ्यांचा इतिहास. पुढच्या शनिवारी दोन्ही न वाचता परत. पुस्तकं तरी कुठली? धुळ्याच्या दुकानदाराकडे जे वर्षभर पडून राहिलं त्याचा सुतळीने बांधलेला गठ्ठा एस.टी.च्या टपावरून यायचा आणि हेडमास्तर देसले सर सुतळीची गाठ न सोडताच त्याची पोच द्यायचे. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर आजूबाजूची गावं ‘ते आम्ही नव्हे’ म्हणून अंग काढून घेतील.

कुंदाबाई जळगावहून तिथे मराठी शिकवायला आल्या त्या सदुसष्ट सालच्या जूनमध्ये. वयाने तिशीच्या आतल्या, लग्न न झालेल्या, नोकरी अजून पक्की न झालेल्या. पहिल्याच शनिवारी ती वाटणी बघून त्यांना शिसारी आली. साध्या खानावळीतसुद्धा माणसाला विचारतात, कुठली भाजी वाढू म्हणून. इथे पोरांनी ताट पुढे करायचं आणि वाढणाऱ्याने न बघता पळी उपडी करायची. बाईंनी देसले सरांकडे दोनचार वेळा विषय काढला. सर दर वेळी मान डोलवायचे आणि टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे करायचे.

दिवाळीनंतर वरून एक परिपत्रक आलं. ग्रंथालयासाठी पुस्तकं घेताना विद्यार्थ्यांची आवड लक्षात घ्यावी, असं त्यात लिहिलेलं होतं. बाईंनी ते परिपत्रक धरूनच ठेवलं.

“आवड लक्षात घ्यावी म्हणजे आपण घ्यायची, बाई,” देसले सर म्हणाले. “त्यांना विचारा असं कुठे म्हटलंय?”

“मग लक्षात कशी येणार, सर?”

सरांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. तेवढ्यात शाळेचे अध्यक्ष सुकदेव आबा यांच्या कानावर गेलं की तालुक्यात दुसऱ्या कुठल्या शाळेत असं झालेलं नाही. पहिलं येण्याची आबांना फार हौस. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाचे मालक, पंचायतीत वजन, गळ्यात सोन्याचा गोफ. त्यांनी लगेच होकार दिला. जिथे आपल्याला काही करावं लागत नाही तिथे होकार द्यायला आबा कधीच मागे राहत नसत.

धुळ्याचा दुकानदार या वेळी गठ्ठा न पाठवता स्वतः दोन ट्रंका घेऊन आला. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, पुस्तकं मांडली, आणि कुंदाबाईंनी अकरावीच्या मुलामुलींना सांगितलं, “ज्याने त्याने एक निवडायचं. दुसऱ्याला विचारायचं नाही. मलाही नाही.”

पोरं आधी सतरंजीच्या कडेला नुसती उभी राहिली. हात लावला तर कोणी ओरडेल असं त्यांना वाटत होतं. मग एकाने कुस्तीच्या डावांचं पुस्तक उचललं आणि बांध फुटला. कोणी रेडिओ दुरुस्तीचं घेतलं, कोणी खुनाचा तपास लावणाऱ्या फौजदाराचं. एका पोरीने भरतकामाचं घेतलं, ठेवलं आणि त्याऐवजी आफ्रिकेतल्या शिकारीचं घेतलं. बाई भिंतीला टेकून बघत होत्या. नोकरीत आल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

भिकू सगळ्यात शेवटी आली. कौतिक पाटलांची ही पोर दोन मैलांवरच्या खेड्यातून चालत शाळेत यायची. मोठ्या बहिणीनंतरची मुलं जगली नाहीत म्हणून हिचं नाव भिकुबाई ठेवलेलं. तिने ट्रंकेच्या तळाशी राहिलेलं एक जाडसर पुस्तक काढलं. एका लेडी डॉक्टरने बायकांसाठी लिहिलेलं ते पुस्तक होतं. बाईचं शरीर, पाळी, लग्न, दिवस राहणं, बाळंतपण. आत रेघांनी काढलेल्या आकृत्या होत्या. दुकानदार घाईघाईने म्हणाला की हे चुकून आलं, परत द्या.

कुंदाबाईंचे कान तापले हे खोटं कशाला बोलायचं? त्यांच्या आईने त्यांना यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. त्यांनी भिकूला बाजूला घेतलं. मलाही विचारायचं नाही असं मघाशी स्वतःच सांगितलेलं होतं, तरी त्यांनी विचारलं, “हेच हवंय?”

भिकू खाली बघून पण स्पष्ट बोलली. “बाई, मनी मोठी बहीन ताईबाई मागला साल बाळंतपनमा मरी गयी. बठ्ठा म्हनतस, तिले बाहेरनं लागनं. भगत आना व्हता. माले ते पटत नही. आते आखाजीनंतर मनं लगीन शे. तेन्हा पहिले माले हाई वाचनं शे.”

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की लग्न, आणि त्याच्या आधी तिला कळायला हवं होतं, आपली बहीण कशाने गेली. दुसरं काही तिला नको होतं. बाईंनी दुकानदाराला सांगितलं, “हे पण लिहून घ्या.”

आता पुस्तकं आली म्हणजे ती तपासायला हवीत, असं आबांच्या लक्षात आलं. पोरांनी निवडलेली पुस्तकं तशीच पोरांना देता येतात होय? आबा, देसले सर आणि कोर्टातून कारकुनी करून रिटायर झालेले जीवराम नाना, अशी समिती बसली. खुनाचं पुस्तक कोणी उघडलं नाही. शिकारीचं कोणी उघडलं नाही. चहा संपायच्या आत सगळी पुस्तकं पास झाली. फक्त भिकूचं पुस्तक आबांनी उघडलं, दोन पानं उलटली, मिटलं आणि काखेत मारलं.

“हाऊ इषय नाजूक शे, बाई,” ते म्हणाले. “हाई नीट तपासनं पडी. आठ दिवसमा देतो.”

“एका मुलीला लवकर हवं आहे, आबा.”

“म्हणून तर नीट तपासायला हवं,” जीवराम नाना तपकिरीची चिमूट नाकात सोडत म्हणाले.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. दर शनिवारी इतर मुलं आपापली पुस्तकं बदलून घ्यायची आणि भिकू दारात उभी राहून बाईंकडे बघायची. बाई मान हलवून नाही म्हणायच्या. ती तशीच निघून जायची. संक्रांत झाली. बाईंनी देसले सरांना विचारलं तर ते म्हणाले आबांकडे आहे. आबांना विचारलं तर ते म्हणाले नानांकडे दिलं. नानांना रस्त्यात गाठलं तर नाना गंभीर चेहरा करून म्हणाले, “मी दुसऱ्यांदा वाचतो आहे. एकदा वाचून मत देणं मला पटत नाही.”

कुंदाबाईंना तोवर हे लोक आळशी वाटत होते. आळशी माणसाचा राग येतो, घाण वाटत नाही. घाण वाटायला लागली ती सज्जनबाईंमुळे.

सज्जनबाई म्हणजे बाईंच्या घरमालकीण. त्यांचे यजमान माणकचंद शेठ यांचं कापडाचं दुकान पुढे, घर मागे आणि माडीवरची खोली बाईंना भाड्याने दिलेली. एका दुपारी पापड लाटायला बाई खाली आल्या तेव्हा सज्जनबाईंनी लाटणं थांबवलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, तुमच्या शाळेचं ते पुस्तक रोज सांजेला आमच्या दुकानाच्या गादीवर येतं.”

“आपल्या दुकानात?”

“आबा घेऊन येतात. नाना येतात. अजून चार जण जमतात. नाना वाचतात आणि बाकीचे हसतात. पडद्याआड मी असते, मला सगळं ऐकू येतं. आमच्या घरचे तर दुकान सोडून आत येऊन बसतात, पण आबांना उठा म्हणायची त्यांची छाती नाही.” सज्जनबाईंनी पापड उलटा केला. “काल तर पुस्तक मिटून नानांनी बाळंतिणीची नक्कल केली. मला चार लेकरं झालीत, बाई. मला रात्री जेवण गेलं नाही.”

कुंदाबाईंनी हातातली लाटी खाली ठेवली. ज्या पुस्तकासाठी एक पोर दर शनिवारी दोन मैल पायपीट करून दारात येऊन उभी राहत होती, ते पुस्तक गादीवर लोळून, मांड्यांवर थापा मारत वाचलं जात होतं, आणि वर त्याला तपासणी म्हणत होते. थू. बाईंना शिव्या येत नव्हत्या याचं त्यांना त्या दुपारी फार वाईट वाटलं.

त्या देसले सरांकडे गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपरवेट सरकवला. “हे तुम्ही मला सांगितलंत, ठीक आहे. आणखी कुठे बोलू नका. तुम्हाला पक्कं करायचा ठराव मार्चमध्ये आबांपुढेच येणार आहे.” सर वाईट माणूस नव्हते, असं लोक म्हणायचे. मला विचाराल तर वाईट नसलेल्या माणसांनीच या जगात जास्त घाण सांभाळून ठेवली आहे.

बाई गप्प राहिल्या. नोकरी गेली असती तर जळगावला आईचं कसं चाललं असतं, हा विचार त्यांनी केला, आणि केल्याबद्दल त्यांना स्वतःचीही किळस आली.

फेब्रुवारीत स्नेहसंमेलन झालं. आबा फेटा बांधून बोलायला उभे राहिले. आपल्या शाळेत विद्यार्थी स्वतः पुस्तकं निवडतात, असं करणारी तालुक्यातली ही पहिली शाळा, हे त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग आवाज चढवून म्हणाले, “पन निवडू द्यावं म्हणजे वाटेल ते वाचू द्यावं असं नव्हे. आमच्या लेकीबाळींच्या मनावर घाण पडू नये म्हणून आम्ही म्हातारी माणसं रातदिवस डोळ्यात तेल घालून बसलो आहोत.” पुढच्या रांगेत जीवराम नानांनी रुमालाने नाक पुसलं आणि टाळी वाजवली. मुलींच्या बाजूला भिकू बसली होती. तिला काही माहीत नव्हतं, म्हणून तीही टाळ्या वाजवत होती. कुंदाबाई उठून हॉलच्या मागे गेल्या आणि त्यांनी नळावर तोंड धुतलं.

मार्चात ठराव झाला, बाई पक्क्या झाल्या. परीक्षाही संपली. भिकू शेवटच्या पेपराला आली तेव्हा पुस्तकाबद्दल तिने विचारलं नाही. नुसता नमस्कार केला. त्या न विचारण्याने बाईंना जेवढं टोचलं तेवढं आधीच्या सगळ्या शनिवारांनी टोचलं नव्हतं. नोकरी पक्की होईपर्यंत आपण तोंड शिवून घेतलं आणि पोरीची वेळ निघून गेली, हे त्यांना लख्ख दिसलं.

आखाजी झाली. भिकूची हळद एका दिवसावर आली तेव्हा कुंदाबाई भर दुपारी आबांच्या जिनात गेल्या. ऑफिसात आबा, नाना आणि कापूस घेऊन आलेले शेतकरी बसले होते.

“ते पुस्तक न्यायला आले आहे,” बाई उभ्यानेच म्हणाल्या.

“बसा तर खरं.”

“नाही, बसत नाही. पुस्तक द्या. नाहीतर ते रोज कुठल्या गादीवर वाचलं जात होतं आणि कोण कशाची नक्कल करत होतं, ते मी इथेच सांगते. या सगळ्यांना ऐकायला आवडेल.”

शेतकरी एकमेकांकडे बघू लागले. आबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी गल्ल्याखालचा खण ओढला आणि पुस्तक टेबलावर टाकलं. “आम्ही निर्णय दिला शे. हाई पुस्तक मुलीसले अयोग्य. कपाटात कुलूपबंद ठेवा. एकाबी मुलीना हात लागाले नको.”

“संपूर्ण वाचून निर्णय दिलात?”

“अक्षर न् अक्षर,” जीवराम नाना म्हणाले.

खोलीवर येऊन बाईंनी दार लावलं आणि पुस्तक उघडलं. उघडावं लागलंच नाही, ते आपोआप उघडलं. आकृत्यांच्या पानांवर तेलकट अंगठे उमटलेले. एका समासात पानाची पिंक उडून वाळलेली. दोन पानांच्या मधल्या शिवणीत तपकीर भरलेली आणि तिच्यात कापसाचे तंतू चिकटलेले. कोणीतरी पेन्सिलीने एका आकृतीला मिशा काढल्या होत्या, दुसरीखाली गावातल्या एका विधवेचं नाव लिहिलं होतं. वास येत होता, तंबाखूचा, घामाचा, आंबट तोंडाचा. बाई पान उलटायला नखाचा कोपरा वापरत होत्या आणि तरी पुन्हा पुन्हा हात पदराला पुसत होत्या.

मग अर्ध्यावर पोचल्यावर पुस्तक एकदम स्वच्छ झालं. ‘गरोदरपण’ असा मथळा होता आणि तिथून पुढचं पान उलटेना. बाईंना आधी कळलंच नाही. बाइंडरकडून त्या पुढच्या भागाच्या कडा कापायच्या राहून गेल्या होत्या. पानं वरच्या बाजूला एकमेकांना जोडलेलीच होती. चाकू फिरवल्याशिवाय ती उघडली नसती आणि कोणी चाकू फिरवला नव्हता. गरोदरपण, बाळंतपण, बाळंतरोग, तान्हं मूल, एकही पान उघडलेलं नव्हतं. पाच महिने तपासणी चालली होती आणि बाई आई होते त्या पानापर्यंत एकालाही जावंसं वाटलं नव्हतं.

कुंदाबाई रडल्या नाहीत. त्यांना इतकी घाण वाटली की रडण्याला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या भिकूच्या गावी चालत गेल्या. कौतिक पाटलांच्या दारात मांडव पडला होता, अंगणातल्या चुलवणावर हळदीच्या न्हाणीचं पाणी तापत होतं. भिकूची आई शेवंताबाई लाकडं सारत बसल्या होत्या. भिकू आतून हात पिवळे करूनच बाहेर आली. बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. आधी काही सांगावं की न सांगता द्यावं हे वाटेत त्यांनी ठरवलं नव्हतं. भिकूने पुस्तक घेतलं, ते तिच्या हातात आपोआप उघडलं, आणि ती बघत राहिली. अंगठे, पिंक, मिशा, ते नाव. पोर हुशार होती. तिला सांगावं लागलं नाही.

तिने पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि पिवळे हात परकराला पुसले. “बाई, हाई माले नको. बठ्ठा गावनी हाताळेल शे.”

“अर्धंच,” बाई म्हणाल्या.

आयुष्यात ज्या बाईने पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला नव्हता तिने पुस्तक गुडघ्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि मधोमध फाडलं. शिवण तुटायला वेळ लागला. तोंडाने त्या काहीतरी पुटपुटत होत्या, आणि ते शाळेत शिकवण्यासारखं नक्कीच नव्हतं. कपाटातलं पुस्तक कुठे गेलं असं उद्या आबा विचारतील तेव्हा त्यांच्या तोंडावर खरं तेच सांगायचं, हे त्यांनी फाडता फाडताच ठरवून टाकलं. नोकरी पक्की झालेली असो की कच्ची.

मळका अर्धा भाग शेवंताबाईंनी हातातल्या लाकडाने ढकलत नेला आणि चुलवणाखाली सारला. काय आहे असं त्यांनी विचारलं नाही. दुसरा भाग भिकूने घेतला, केसातला आकडा काढला आणि जोडलेल्या कडेतून हलकेच फिरवत पहिलं पान मोकळं केलं. कागद करकरीत होता, छपाईचा वास अजून गेला नव्हता.

“मोठ्याने वाच,” बाई म्हणाल्या.

भिकू शाळेत वाचायची तसं सावकाश वाचू लागली. पहिलटकरणीच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज आली, डोकं सारखं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती साधी गोष्ट समजू नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावं. वेळेवर नेलं नाही तर झटके येतात आणि आई दगावू शकते. ही बाहेरची बाधा नव्हे.

भिकू थांबली. तिने वर बघितलं नाही.

चुलवणाजवळ शेवंताबाई लाकूड हातात तसंच धरून बसल्या होत्या. “ताईबाईना पाय सुजेल व्हतात,” त्या म्हणाल्या. “डोकं दुखस म्हने. मी म्हनं, पोर कामले कंटाळनी.”

पाणी उकळायला लागलं होतं, आतून बायका भिकूला हाका मारत होत्या. शेवंताबाई उठल्या नाहीत.

“आखो वाच,” त्या म्हणाल्या.

भिकूने ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.